चखणा म्हणायची लाज

१

गेल्या काही वर्षांत मराठी दिवाळी अंकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत प्रवासवर्णनाचा एक उपप्रकार चांगलाच स्थिरावला आहे. त्याचा सांगाडा ठरलेला असतो. लेखक युरोपातल्या एखाद्या शहरी जातो, प्रवासी कंपनीच्या जेवणाला नाक मुरडतो, 'स्थानिक' बाजारात शिरतो. तिथे सुरकुतल्या चेहऱ्याची एक विक्रेती त्याच्याकडे पाहून हसते. मग तो पाककलेच्या एका वर्गात नाव घालतो, चार पदार्थ शिकतो आणि परतीच्या विमानात त्याला त्या देशाच्या आत्म्याचा शोध लागतो. सध्या पोर्तुगालची पाळी आहे, आणि पोर्तुगालमध्येही 'पेतिश्कु' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान बश्यांतल्या खाण्याची.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार पदवीच्या वर्गांना आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. प्रस्तुत लेख या नव्या उपप्रकाराविरुद्ध आहे. तो आमच्याविरुद्धही आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. कारण एका जूनमध्ये आम्ही लिस्बनला तीन आठवडे राहिलो, बाजारात शिरलो, वर्गात नाव घातले आणि परतल्यावर तसाच एक लेख लिहायलाही घेतला होता. तो पुरा झाला नाही. का झाला नाही, ते पुढे येईल.

प्रथम 'शोध' या शब्दाविषयी. मराठीत शोध घेतलाही जातो आणि लागतोही. पहिल्यात कष्ट आहेत, दुसऱ्यात मालकी. शाळेच्या इतिहासात वास्को द गामाला भारताकडे येणारा जलमार्ग 'सापडला', तेव्हा त्या मार्गाच्या बऱ्याच भागावर गुजराती, अरब आणि मलबारी व्यापाऱ्यांची ये-जा चालू होती. खुद्द पोर्तुगालमध्येही या शब्दावर वाद झालेला आहे. लिस्बन महापालिकेच्या नियोजित संग्रहालयाच्या नावात 'शोध' हा शब्द असावा काय, या प्रश्नावर २०१८मध्ये शंभराहून अधिक अभ्यासकांनी जाहीर पत्र लिहून विरोध नोंदवला. ज्यांच्या किनाऱ्यांचा 'शोध लागला' त्यांच्या बाजूने हा शब्द कसा ऐकू येतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्या किनाऱ्यांपैकी एक आपला. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, आणि गोवा १९६१पर्यंत. आणि आज आपणच लिस्बनला जाऊन त्यांच्या बशीचा शोध लावतो, तोही त्यांच्याच भाषेत! हा सूड म्हणावा तर त्याला धार नाही, आणि विनोद म्हणावा तर तो आपल्याला कळलेला नाही.

२

आता वर्गाची हकीकत. वर्गाचे नाव आम्ही देत नाही. तसे वर्ग त्या शहरात पुष्कळ आहेत आणि दोष एकट्या त्याचा नाही. दोघांचे शुल्क आमच्या विभागातील तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याच्या पंधरवड्याच्या मानधनाहून अधिक होते. हे आम्ही भरताना मनात आणले नाही. भरल्यानंतर मात्र ते मनातून गेले नाही.

सकाळी 'बाजारफेरी'. रिबैराचा बाजार हा लिस्बनचा जुना आणि देखणा बाजार. त्याची इमारत १८८२ची. आज तिच्या एका भागात भाजी, फळे, फुले आणि मासळी विकली जाते. दुसऱ्या भागात २०१४पासून नामवंत आचाऱ्यांचे गाळे आणि लांबलचक सामायिक बाके आहेत. आमची फेरी सोमवारी होती. रविवारी मासेमार होड्या सहसा समुद्रात जात नाहीत, म्हणून सोमवारी मासळी घेऊ नये हे तिथल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. मासळीचे ओटे त्या दिवशी धुऊन कोरडे पडले होते. आमच्या मार्गदर्शक तरुणीने त्या रिकाम्या ओट्यांसमोर उभे राहून पोर्तुगीज मासळीच्या थोरवीवर पाच मिनिटे बोलून घेतले, आम्ही छायाचित्रे काढली आणि निघालो. स्वयंपाकघरात पोचल्यावर तिने शीतपेटीतून गोठवलेल्या तिसऱ्यांची पिशवी काढली.

यात फसवणूक झाली असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्या सकाळी आम्हाला विकले काय गेले, हा प्रश्न उरतो. बाजार नव्हे, बाजारात असल्याची जाणीव. त्या फेरीत आम्ही एक लिंबूही विकत घेतले नाही.

शिकवलेले पदार्थ चार. बटाटा आणि खारवलेला कॉड कालवून तळलेले गोळे, फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या, ज्यांना ते गमतीने 'मळ्यातले मासुळे' म्हणतात, तिसऱ्या, आणि मातीच्या बशीत दारू पेटवून भाजलेला शोरिसु, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. 'माझ्या आजीच्या हातचे' हे पालुपद चारही पदार्थांना होते. कॉड हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. सालाझारच्या राजवटीने १९३४पासून मोहीम काढून त्याची मासेमारी राष्ट्रकार्य म्हणून उभी केली. न्यूफाउंडलंड आणि ग्रीनलंडच्या धुक्यात मासेमार एकेकट्याने लहान होडीत बसून गळ टाकत. आजीच्या कढईत पडण्यापूर्वी त्या माशाने किती माणसांची बोटे गोठवली असतील, हे पाककृतीत लिहिलेले नसते.

वर्ग संपल्यावर ती तरुणी आमच्याशी मोकळेपणाने बोलली. तिची आई घरी कोंबडीच्या जठराचे तिखटसर कालवण करते, ज्याला 'मुएलाश' म्हणतात. पावाचा तुकडा त्यात बुडवून खायचा. मे ते ऑगस्ट गोगलगायी उकडतात. डुकराचे कान लसूण-कोथिंबिरीत घालतात. 'पण पाहुण्यांना हे चालत नाही, म्हणून शिकवत नाही.' ती स्वतः नदीपलीकडे राहते. शहरातले भाडे तिला परवडत नाही. आम्ही उतरलो होतो ती मोरारिया भागातली खोली पर्यटकांना आठवड्याच्या बोलीवर दिली जाई, आणि खालच्या टपालपेटीवर आधीच्या भाडेकरू बाईंचे नाव अजून होते. २०१२च्या कायद्याने जुने भाडेकरार मोडणे सोपे झाले, आणि त्यानंतर जुन्या वस्त्यांतली अशी किती नावे पुसली गेली याची चर्चा त्या शहरात रोज चालते. म्हणजे जे स्वयंपाकघर 'शोधायला' आम्ही गेलो होतो, ते रिकामे करून त्यातच आम्ही राहत होतो.

दोन दिवसांनी आम्ही आगगाडीने तासाभरावरच्या सेतूबालला गेलो. तिथला लिव्रामेंतु बाजार १९३०च्या इमारतीत भरतो. आत निळ्या चित्रफरशांची एक मोठी भिंत आहे. आम्ही तिसऱ्या मागितल्या. विक्रेतीने आधी विचारले, किती माणसे? मग, कधी शिजवणार? संध्याकाळी म्हटल्यावर तिने हातवारे करून समजावले: मिठाच्या पाण्यात ठेवा, वाळू सोडतील, जी तोंड मिटून राहील ती टाका, आणि आणखी अर्धा किलो घेऊ नका, उद्यापर्यंत राहणार नाहीत. ती हसली नाही. तिला घाई होती. आम्हाला अलिबागच्या बाजारातल्या कोळिणी आठवल्या. हा धडा फुकट होता, आणि वर्गातल्या तीन तासांत तो मिळाला नव्हता, कारण गोठवलेली तिसरी वाळू सोडत नाही.

३

या तिसऱ्यांचे नाव 'बुल्यांव पातु पद्धतीच्या' असे आहे. ऑलिव्ह तेल, लसूण, पुष्कळ कोथिंबीर, शेवटी लिंबू. कोणी पांढरी वाइन घालतो, कोणी घालत नाही. बुल्यांव पातु कोण, असे आम्ही वर्गात विचारले. 'कोणीतरी कवी.' बाई पुढच्या पदार्थाकडे वळल्या.

व्यवसायाने आम्ही कवींची नावे जपणारे. म्हणून हे जरा लागले. रायमुंदु अंतोनियु द बुल्यांव पातु १९१२ साली वारला. आपल्या काळात त्याला मोठी प्रतिष्ठा होती, आणि शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' त्याने पोर्तुगीजमध्ये आणले. एसा द कैरॉश याची 'उश माइयश' ही थोर कादंबरी १८८८मध्ये आली. तिच्यातल्या आलेंकार या भावविवश, कालबाह्य कवीच्या रूपाने आपली थट्टा झाली, असे पातुला वाटले आणि त्याने एसावर उपरोधपर पद्ये लिहिली. एसाने आरोप नाकारला. या वादात कोण जिंकले याचा निकाल वाङ्मयाच्या इतिहासाने दिला आहे: एसा अभ्यासक्रमात आहे आणि पातु खाद्ययादीत. ती पाककृती त्याची स्वतःची, की कोणा आचाऱ्याने त्याच्या सन्मानार्थ केलेली, याविषयी एकवाक्यता नाही. आचाऱ्याची असेल, तर खऱ्या कर्त्याचे नाव गेले आणि ज्याने कदाचित फक्त खाल्ले त्याचे राहिले. पाककलेच्या इतिहासात हे वारंवार घडते, आणि आपल्या प्रवासवर्णनांतही. लेखाखाली सही असते ती खाणाऱ्याची.

४

वर्गात आणखी एक क्रियापद वारंवार कानी आले: 'दिले'. आम्ही जपानला तेंपुरा दिला. आम्ही भारताला विंदालू दिला. फरसबीचे मासुळे आणि तेंपुरा यांचे नाते सर्वसाधारणपणे मान्य आहे. सोळाव्या शतकात जेझुइट पाद्री जपानात होते, आणि तेंपुरा हे नाव उपवासाच्या दिवसांच्या लॅटिन नावावरून आले असावे असे मानतात. परंतु 'दिले' हे क्रियापद देणाऱ्याचा हात दाखवते आणि करणाऱ्याचा झाकते. मदेइरा बेटावर आजही नाताळात 'विन्या द आल्युश', म्हणजे वाइन आणि लसणीत मुरवलेले मांस करतात. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरेचा शिर्का आला, मिरची आली, इतर मसाले आले. हे कोणी केले? गोव्यातल्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसांनी, ज्यांतल्या एकाचेही नाव आपल्याकडे नाही. पुढे इंग्रजांनी त्या नावाचा 'विंदालू' केला, आणि शेवटी आपल्याच खानावळवाल्यांनी त्या 'आलू'वर विश्वास ठेवून त्यात बटाटे टाकले.

देणे इतके सरळ असते, तर आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. उत्तर पोर्तुगालमध्ये 'आल्येइरा' नावाचे सॉसेज आहे. पाव, लसूण आणि कोंबडीचे मांस यांचे. सक्तीने धर्मांतरित केलेल्या यहुद्यांनी, घरात डुकराची सॉसेजे टांगलेली दिसत नाहीत म्हणून संशय येऊ नये यासाठी ते योजले, अशी कथा सांगतात. इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. परंतु ती कथा ज्या भीतीतून जन्मली ती भीती खरी होती, आणि तीच गोव्यात आली. इन्क्विझिशनच्या १७३६च्या जाहीरनाम्यात हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवण्यास मनाई आहे; अ. का. प्रियोळकरांच्या १९६१च्या ग्रंथात तो वाचायला मिळतो. भाताच्या पातेल्यात मीठ आहे की नाही, यावर माणसाची श्रद्धा तपासली जात होती. पोर्तुगीज खाद्यसंस्कृती आणि आपण यांच्या 'रुचकर देवाणघेवाणी'वर लिहिणाऱ्यांनी हे पातेले ओलांडून पुढे जाऊ नये.

देवाणघेवाण उलट्या दिशेनेही झाली. लिस्बनच्या साध्या उपाहारगृहाच्या काचपेटीत कॉडच्या गोळ्यांशेजारी त्रिकोणी 'शामुसा' असतो. तो आपला समोसा. त्या शहरात तो इतका रुळला आहे की त्याची चौकशी कोणी करत नाही. आमच्या वर्गाच्या चार पदार्थांत मात्र तो नव्हता. 'अस्सल' ठरवताना कोणाला वगळायचे हे आधी ठरलेले असते. मोरारियाला लागूनच रुआ दु बेंफोर्मोझु ही गल्ली आहे. तिथे बांगलादेशी, पाकिस्तानी, भारतीय माणसांची दुकाने आहेत. हळद, मोहरी, कोथिंबीर तिथेच मिळते. लिस्बनच्या कित्येक खानावळींच्या मोरीत आणि चुलीपुढे याच वस्तीतली माणसे उभी असतात. १९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी त्या गल्लीत माणसांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभे केले. छायाचित्रे जगभर गेली, शहरात निषेध मोर्चाही निघाला. मसाल्यांच्या जलमार्गाचे गोडवे गाणाऱ्या पाकवर्गापासून ही भिंत पायी काही मिनिटांवर आहे.

५

यावर आक्षेप काय येतील ते आम्हाला ठाऊक आहे. पर्यटक येतात म्हणून बाजार टिकतात. वर्ग चालतात म्हणून पाककृती टिकतात. सगळेच असे घासून पाहिले तर माणसाने जेवावे कधी?

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. पोर्तुचा बोल्यांव बाजार, १९१४ची इमारत, मोडकळीला आला होता. २०१८मध्ये तो दुरुस्तीसाठी बंद झाला आणि सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा उघडला. मधल्या काळात विक्रेत्यांसाठी जवळच तात्पुरता बाजार उभारला गेला, आणि जुन्यांपैकी अनेक जण परत आले. मात्र त्याचे श्रेय पर्यटकाच्या कुतूहलाला देता येत नाही. विक्रेतीला जागा राहील अशी व्यवस्था कोणीतरी जाणीवपूर्वक करावी लागते, तेव्हा इमारतीबरोबर बाजारही वाचतो.

दुसऱ्याविषयी. मारिया द लुर्देश मोदेश्तु या शिक्षिकेने १९५८पासून पोर्तुगीज दूरचित्रवाणीवर पाककृती दाखवल्या, देशभरच्या घरांतून आलेल्या पाककृती जमवल्या आणि १९८२मध्ये पारंपरिक पोर्तुगीज स्वयंपाकावरचा आपला ग्रंथ प्रांतवार मांडला. २०२२मध्ये त्या वारल्या. तो ग्रंथ अजून घराघरांत आहे. त्याला आम्ही संकलन म्हणू. संकलक म्हणतो, हे त्यांचे. मी लिहून घेतले. शोधक म्हणतो, हे मला सापडले. मराठीच्या अभ्यासकाला तरी हा भेद समजावून सांगावा लागू नये.

तिसऱ्या आक्षेपाला उत्तर पेतिश्कुमध्येच आहे.

६

'पेतिश्कार' म्हणजे थोडे थोडे चाखत खाणे. त्यावरचे नाम पेतिश्कु. आपल्याकडे चाखणे आहे आणि चखणा आहे. इतका चपखल प्रतिशब्द भाषांतरकाराला क्वचित लाभतो. तरीही मराठी लेखांत तो येत नाही. तिथे 'लघुथाळी' येते, 'चविष्ट चिमुकल्या बश्या' येतात, फारच झाले तर शेजारच्या स्पेनचे 'तापास' उसने आणले जाते. पेतिश्कु मिळते ती 'ताश्का', म्हणजे आपल्या भाषेत गुत्ता. चार मेजे, कागदी आच्छादन, भिंतीवर फळा, मालकाची बायको आत. ताश्काला आपण 'पारंपरिक उपाहारगृह' म्हणतो. गुत्ता आणि चखणा हे शब्द लिहायला हात धजत नाही, कारण ते लिहिले की आपल्या गावचा गुत्ता आठवतो, आणि त्याच्याबद्दल आपल्याला प्रेम नाही.

आमचा लेख अपुरा राहिला तो यामुळेच. मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही त्याच गल्ल्यांमधल्या एका ताश्कात रोज संध्याकाळी बसू लागलो होतो. चौथ्या दिवशी मालकाने न विचारता खारवलेल्या त्रेमोसुशची, म्हणजे पिवळ्या चपट्या दाण्यांची वाटी पुढे ठेवली आणि पाचव्या दिवशी मुएलाश. पोर्तुच्या लोकांना सबंध देश 'वजडीखाऊ' म्हणतो आणि ते हे नाव अभिमानाने मिरवतात, अशी चर्चा आमच्यात निघाली. आमच्यापैकी एकाने टिपणवहीत 'वजडीची अभिजातता' असे काहीतरी लिहिले. तेव्हा दुसरा म्हणाला, 'आमच्या घरी रविवारी वजडीच असायची. अठरा वर्षे आपण विभागात एकत्र डबा खातोय. मी कधी आणली का?'

नव्हती आणली. आणली असती तर काय झाले असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. आम्ही दोघेही दलित आत्मकथने शिकवतो. त्यांतल्या अन्नाच्या उल्लेखांवर परीक्षेत प्रश्न काढतो. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५मध्ये आले. आमच्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होते आणि ते आपल्या पाकपुस्तकांत का नाही, हे त्यांनी मांडले आहे. ते पुस्तक आम्ही दोघांनी वाचले होते. तरी आमच्यापैकी एकाला वजडीचा वास अभिजात वाटायला नऊ तासांहून लांबचा विमानप्रवास करावा लागला, आणि दुसऱ्याला तिचे नाव सहकाऱ्यासमोर काढायला परक्या देशातला गुत्ता लागला.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे. पोर्तुगालला जरूर जावे, जून असेल तर गोगलगायी जरूर चाखाव्यात. परंतु परत येऊन 'शोध' लिहिण्यापूर्वी काही साध्या गोष्टी लिहाव्यात: मासळी कोणत्या वारी घेतली, आत कोण रांधत होते, आपण ज्या खोलीत राहिलो तिच्यात पूर्वी कोण राहत होते. पेतिश्कुला चखणा म्हणावे आणि ते म्हणताना जी लाज वाटते ती कोठून आली, हे त्याच लेखात तपासावे. हे जमत नसेल, तर ती बशी तिथेच ठेवून यावी.

जुलैत महाविद्यालय सुरू झाले. दुसऱ्या सोमवारी विभागात वजडीचा डबा उघडला. सहा जण मेजाभोवती होते. तिघांनी घेतली, दोघांचा सोमवारचा उपवास होता, एक जण फोन आला म्हणून बाहेर गेला.